पुण्यात घर घेताना : आधी वस्ती, मग इमारत, शेवटी सदनिका

घर शोधायला निघालेले कुटुंब बहुतेक वेळा सर्वांत आधी नमुना सदनिका पाहते. तेथे उजेड भरपूर असतो, फर्निचर जागा मोठी दिसावी अशा मापाने बनवून घेतलेले असते, आणि अर्ध्या तासात कोणती खोली मुलांची आणि कोणती आजी-आजोबांची हेही ठरून जाते. एकदा मन बसले की पाणी कुठून येते, रस्ता किती रुंद आहे, जमीन कोणाच्या नावावर आहे हे प्रश्न विचारले जातात खरे. पण उत्तर प्रतिकूल आले तर माघार घ्यायची तयारी तोवर उरलेली नसते.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. फरशी, रंग, स्वयंपाकाचा ओटा या गोष्टी केव्हाही बदलता येतात. गच्चीची गळती सोसायटीला मिळून थांबवता येते. परंतु नदीची पूररेषा, टँकरवर चालणारी वस्ती किंवा रोज सकाळचा दीड तास खाणारा रस्ता कोणत्याही एका कुटुंबाला बदलता येत नाही. जे बदलता येत नाही ते सर्वांत आधी तपासावे, एवढेच या मांडणीमागचे सूत्र आहे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आम्ही सहा महिने पुण्याच्या चारही बाजूंना घरे पाहिली, तेव्हा पहिले दोन महिने आम्हीही नमुना सदनिकाच पाहत होतो, आणि ते दोन महिने वाया गेले.

हातात किती पैसे लागतील ते आधी मांडा

जाहिरातीत दिसणारी किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठे अंतर असते. समजा, पुणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील सदनिका ७५ लाखांना ठरली. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५.२५ लाख रुपये लागतात. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळण्याआधीच्या खरेदीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३.७५ लाख. बेरीज ८४.३० लाखांवर जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांहून जास्त देता येत नाही, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क त्या मूल्यात धरले जात नाही. ६० लाख कर्ज मिळाले तरी सुमारे २४ लाख स्वतःचे हवेत, आणि त्यात अजून देखभालीची आगाऊ रक्कम, पंखे, जाळ्या, कपाटे आलेली नाहीत. ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये बसतो.

घर केवळ स्त्रियांच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावे खरेदी केल्यास ती मिळत नाही, हे अनेकांना नोंदणीच्या दिवशी कळते. वरच्या उदाहरणात ही सवलत ७५ हजार रुपयांची आहे, त्यामुळे नाव कोणाचे लावायचे याचा विचार कर्जाच्या अर्जाआधीच करावा. तसेच भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार सदनिकेवर जीएसटी लागत नाही. बांधकामाधीन घर ‘स्वस्त’ वाटते तेव्हा हा फरक जमेस धरून तुलना करावी.

वस्ती निवडताना : अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

घरातील कमावती माणसे, शाळकरी मुले आणि औषधपाण्यासाठी ज्यांना नियमित बाहेर पडावे लागते अशी वडीलधारी माणसे यांची रोजची ठिकाणे एका कागदावर लिहून काढावीत आणि मग प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष त्या वेळेला जाऊन पाहावे. रविवारी दुपारी वाकडहून हिंजवडीला जाणे आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता भूमकर चौकातून जाणे हे दोन वेगळे प्रवास आहेत. वाघोलीकडून नगर रस्त्याने शहरात येणे, कात्रज-कोंढवा रस्ता आणि विद्यापीठ चौकाची संध्याकाळ यांचेही तेच. दोन कामाच्या दिवशी, एकदा पावसात, जाण्या-येण्याची वेळ घड्याळ लावून मोजावी. पावसाळ्यातली मोजणी वगळू नये, कारण खड्डे आणि साचलेले पाणी धरून जो वेळ लागतो तोच वर्षातील चार महिने आपला खरा वेळ असतो.

मेट्रोच्या बाबतीत जाहिराती विशेष उदार असतात. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट हे मार्ग सुरू आहेत; त्यांच्या स्थानकाजवळचे घर खरोखर सोयीचे आहे. पण ‘स्थानकापासून ५ मिनिटे’ असे लिहिलेले असेल तर फाटकापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत स्वतः चालत जावे. वाटेत पदपथ आहे का, रात्री दिवे आहेत का, सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो का हे पायांनाच कळते. जो मार्ग अद्याप सुरू झालेला नाही, त्याच्या भरवशावर जास्त किंमत मोजू नये. पीएमपीच्या बसचेही तसेच पाहावे. थांबा असणे आणि त्या थांब्यावर अर्ध्या तासात बस येणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि म्हातारपणी किंवा मुलांच्या क्लासच्या वेळेला हा फरक फार जाणवतो.

पाणी

पुण्याची तहान खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांवर भागते, आणि शहराची वाढ मात्र धरणांच्या जलवाहिन्यांपेक्षा वेगाने झाली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. कागदावर हद्द एका दिवसात वाढली, नळ मात्र तेवढ्या वेगाने पोहोचू शकले नाहीत. त्यामुळे ‘महापालिका हद्दीत’ हे शब्द ऐकून पाण्याची चिंता मिटली असे कोणी समजू नये.

मे महिन्यातील एका सकाळी साडेसहाला आम्ही पश्चिम पुण्यातील एका तीनेक वर्षे जुन्या संकुलाच्या फाटकाशी उभे होतो. आत दोन टँकर आधीच लागलेले होते. एकाचा जाड पाइप भूमिगत टाकीच्या तोंडात खुपसला होता, त्याच्या जोडापाशी चिंधी गुंडाळलेली होती आणि तीतून पाण्याची बारीक पिचकारी उडत होती. खुर्चीवर बसलेले रखवालदार वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून चालकाची सही घेत होते. “काका, रोज किती गाड्या येतात?” असे बहिणीने विचारले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही आमच्याकडे सरकवली. आदल्या दिवसाच्या पानावर चौदा सह्या होत्या. मध्यस्थाने आम्हाला महापालिकेची नळजोडणी असल्याचे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. जोडणी होती, तिला दिवसातून एक तास बारीक धारेने पाणी येत होते.

त्यानंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी ही वही पाहू लागलो. तिचा अर्थ लावण्यासाठी साधा हिशेब पुरतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. २०० सदनिका आणि घरटी चार माणसे धरली तर रोज १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ ११ टँकर. वहीत रोज दोन-तीन गाड्या असतील तर बाकीचे पाणी नळाचे किंवा कूपनलिकेचे आहे. दहा-बारा असतील तर ती वस्ती सर्वस्वी टँकरवर आहे. हा खर्च देखभाल शुल्कातून प्रत्येकाच्या माथी येतो आणि उन्हाळ्यात वाढतो. म्हणून सोसायटीच्या मागील वार्षिक हिशेबपत्रकातील ‘पाणी खर्च’ ही ओळ जरूर वाचावी.

नव्या प्रकल्पात वही नसते, तेव्हा कागद मागावा. पाणीपुरवठ्याची पुरेशी सोय नसलेल्या भागात बांधकाम परवानगी देताना, महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना पाणी विकसकाने स्वतःच्या खर्चाने पुरवावे, असे हमीपत्र घेतले जाते. ते हमीपत्र या प्रकल्पासाठी दिले आहे का, आणि सोसायटी स्थापन झाल्यावर ती जबाबदारी कोणाची, हे लेखी विचारावे. ‘समान पाणीपुरवठा योजनेचे काम चालू आहे’ असे उत्तर मिळाल्यास पुढचा प्रश्न असा असावा : आपल्या इमारतीला कोणत्या टाकीतून पाणी येणार, ती टाकी बांधून पूर्ण झाली आहे का, आणि तिथून आपल्या रस्त्यापर्यंत वाहिनी टाकली आहे का? क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात हे समजते. एक फेरी मारावी लागते, पण ती वसूल होते.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची शुद्धता महत्त्वाची आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्याकडेच सर्वांचे लक्ष वळले होते. संकुलाची भूमिगत टाकी मैलापाण्याच्या वाहिनीपासून किती दूर आहे, शेवटची कधी धुतली, पाण्याची तपासणी केव्हा झाली हे विचारण्यात संकोच नसावा. कूपनलिकेचे पाणी किती जड आहे हे कोणत्याही शेजाऱ्याच्या न्हाणीघरातील नळावरचा पांढरा थर पाहून लक्षात येते.

पूर, ओढे आणि उतार

नदीचे दर्शन देणाऱ्या सज्जासाठी जास्त पैसे मोजणाऱ्याने पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमधील बांधकामाला अटी असतात. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत इमारतींचे खालचे मजले पाण्यात गेले आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

धोका केवळ नदीकाठी असतो असेही नाही, आणि ही गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत माणसे दगावली. त्यांतील अनेकांना आपण पूरप्रवण जागी राहतो याची कल्पनाही नसावी, कारण वर्षातील अकरा महिने तो ओढा म्हणजे एक गटार दिसतो. पुण्याच्या उपनगरांत असे कितीतरी ओढे आहेत, आणि काहींवर भराव, सीमाभिंती, वाहनतळ झाले आहेत. जुन्या गावनकाशात किंवा उपग्रहचित्रांच्या मागील वर्षांच्या प्रतींत ओढ्याची रेघ दिसते. प्रत्यक्ष जागेवर तळमजल्याच्या पार्किंगमधील भिंती पाहाव्यात. पाणी साचून गेले असेल तर जमिनीपासून एका उंचीवर आडवी मळकट रेघ असते आणि तिच्याखालचा रंग पोपडे धरून सुटलेला असतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला किंवा इस्त्रीवाल्याला विचारल्यास तो दुकानात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते बोटाने दाखवतो.

टेकडीच्या बाजूला प्रश्न वेगळे असतात. डोंगरउतार आणि जैवविविधता उद्यानासाठी राखीव असलेल्या जमिनींवर बांधकामाला कडक निर्बंध आहेत. बाणेर, बावधन, कोथरूड या भागांत टेकडीला टेकून उभ्या असलेल्या इमारतीत घर पाहताना ती जागा नेमकी कोणत्या विभागात आहे याचा झोन दाखला मागावा, आणि मागची संरक्षक भिंत मजबूत आहे का व पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहून जायला छिद्रे आहेत का, तेही पाहावे.

शेजारच्या मोकळ्या जागेत काय येणार आहे

खिडकीतून दिसणारे हिरवे शेत हे कोणाचे तरी विकायला काढलेले शेत असते, हे गृहीत धरूनच घर निवडावे. विकास आराखड्यात त्या जागेवर उद्यान, शाळा, रस्ता की आणखी काही आरक्षण आहे हे महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नकाशात पाहता येते. आपल्याच संकुलाच्या कडेने आराखड्यातील रस्ता जात असेल, तर उद्या फाटक, बाग किंवा पार्किंगची जागा त्यात जाऊ शकते.

काही गोष्टी नकाशात नसतात, त्या कानांनी आणि नाकानेच कळतात. लोहगावच्या बाजूला विमानांचा आवाज, उरुळी देवाची-फुरसुंगी परिसरात कचरा डेपोचा वास, महामार्गाकाठी रात्रभर अवजड वाहने, आणि लग्नसराईत मंगल कार्यालये व लॉन्स. आवडलेल्या जागेच्या आसपास एकदा शनिवारी रात्री दहा वाजता आणि एकदा पहाटे जाऊन थांबावे. पिंपरी-चिंचवडमध्ये देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचे रेड झोन हे याहून गंभीर प्रकरण आहे. त्या हद्दीतील बांधकामांना परवानगी मिळत नाही, बँका कर्ज देत नाहीत, आणि तरीही तेथे सदनिका विकल्या जातात. तळवडे, रुपीनगर, निगडीच्या बाजूला घर पाहणाऱ्याने ही तपासणी सर्वांत आधी करावी.

इमारतीचे कागद

वस्ती पसंत पडली की कागदांकडे वळावे. नवीन प्रकल्पासाठी सुरुवात महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळापासून करावी. रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. जाहिरातीवरील क्यूआर कोड मोबाइलने वाचला की प्रकल्पाचे पान उघडते. तेथे बहुतेक लोक नोंदणी क्रमांक पाहून समाधान मानतात, पण खरे काम त्यानंतरचे आहे. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, कोणते दावे चालू आहेत, हे पाहावे. वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रात आपल्या इमारतीचे काम किती टक्के झाले ते लिहिलेले असते. ते वाचून लगेच जागेवर जावे आणि दोन्ही जुळतात का बघावे. सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राला विकलेल्या व न विकलेल्या सदनिकांची यादी जोडलेली असते. ‘शेवटच्या दोनच राहिल्या आहेत’ हे वाक्य त्या यादीशी ताडून पाहता येते.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंत आहे हे अवश्य पाहावे. दहा मजल्यांची परवानगी हातात असताना बाराव्या मजल्यावरील सदनिका ‘वाढीव परवानगी येणारच आहे’ असे सांगून विकली जाते, आणि ती परवानगी अडकली की ग्राहकाचे पैसेही अडकतात.

जमिनीच्या मालकीसाठी सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, आणि किमान ३० वर्षांचा शोध अहवाल लागतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल, इतर हक्कांत कुळाची, इनाम-वतनाची किंवा बँकेच्या बोजाची नोंद असेल, तर हस्तांतराला शासनाची परवानगी किंवा बोजा उतरल्याचा दाखला आहे का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शोध अहवाल विकसकाच्या वकिलाचा असतो. आपला वेगळा वकील लावून तो तपासून घ्यावा. त्याची फी एखाद्या महिन्याच्या हप्त्यापेक्षा कमीच येते, आणि या एका खर्चात काटकसर करणाऱ्यांना मी कळकळीने थांबवतो.

शहराच्या कडेच्या गावांमध्ये एक-दोन गुंठ्यांवर चार-पाच मजले चढवून ‘नोटरी करून देतो’ म्हणत घरे विकण्याचा प्रकार आहे. किंमत बाजारापेक्षा खूप कमी असते आणि गरजू कुटुंब त्यात ओढले जाते. नोटरीने साक्षांकित केलेल्या कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला दस्तच लागतो. ज्या घराचा दस्त नोंदवता येत नाही ते घर घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

जुनी सदनिका घेत असाल तर

तयार वस्तीतील जुन्या सदनिकेचा मोठा फायदा म्हणजे पाणी, शेजार, रस्ता सारे समोर दिसते. तेथे तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. विकसकापासून आताच्या मालकापर्यंतचे सर्व मूळ करार आणि त्यांचे सूची क्रमांक दोनचे (इंडेक्स टू) उतारे सलग असले पाहिजेत. मधला एक दुवा जरी गहाळ असला तरी बँक अडते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून त्या मिळकतीवरील नोंदवलेले व्यवहार शोधता येतात.

सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हा प्रश्न पुण्यात फारसा कोणी विचारत नाही, आणि तो विचारायलाच हवा. ते झाले नसेल तर इमारतीखालची जमीन कागदोपत्री अजून विकसकाची किंवा मूळ मालकाची असते, आणि उद्या पुनर्विकासाची वेळ आली की घोडे तिथेच अडते. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. मालकाची थकबाकी नसल्याचा दाखला सोसायटीकडून घ्यावा. हस्तांतरण अधिमूल्य म्हणून महापालिका क्षेत्रात २५ हजारांहून अधिक रक्कम मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही. ‘देणगी’ म्हणून लाखभर रुपये मागितले गेल्यास नियमावर बोट ठेवून नम्रपणे नकार द्यावा.

आता सदनिका

सर्वांत आधी चटई क्षेत्र विचारावे. रेरानुसार चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, डक्ट, सज्जा आणि खुली गच्ची वगळून, पण आतल्या विभाजक भिंती धरून मिळणारी वापरण्याजोगी जागा. बोलताना मात्र अजूनही ‘सेलेबल’ क्षेत्राचे, म्हणजे भिंती, सज्जा आणि सामाईक जागांचा वाटा धरून फुगवलेले, आकडे सांगितले जातात. १,०५० चौरस फूट सेलेबलची सदनिका ७५ लाखांना, म्हणजे फुटाला सुमारे ७,१४० रुपये, हे ऐकायला बरे वाटते. तिचे चटई क्षेत्र ७५० असेल तर खरा दर १०,००० रुपये आहे. दोन प्रकल्पांची तुलना चटई क्षेत्रावरच करावी, आणि मोजपट्टी सोबत ठेवावी.

दिशेचा विचार शास्त्रार्थापेक्षा ऊन-पावसाच्या अंगाने करावा, असे माझे मत आहे. पश्चिमेकडील झोपण्याची खोली एप्रिल-मेमध्ये रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. पुण्याचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतींवर ओल येण्याची शक्यता अधिक. जुन्या घरात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांना आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला तळहात लावून पाहावा. एकाच भिंतीच्या एकाच पट्ट्याला ताजा रंग दिलेला दिसला तर त्यामागे ओल असण्याचा संभव मोठा. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे न्हाणीघर नेमके आपल्या स्वयंपाकघरावर येते का, हेही विचारावे. शक्य असेल तर जुने घर जुलैत पाहावे. पाण्याची चौकशी मेमध्ये आणि गळतीची जुलैत, असे दोन फेऱ्यांचे गणित जमवता आले तर फारच उत्तम.

खिडक्या समोरासमोर असल्या की वारा खेळतो. केवळ डक्टमध्ये उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी म्हणजे फोडणीचा वास दिवसभर घरात. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि जनित्र कोणत्या इमारतीच्या खाली आहेत ते पाहून त्यांच्यावरील पहिले दोन मजले टाळावेत. पार्किंगची जागा प्रत्यक्ष उभे राहून पाहावी आणि तिचा क्रमांक करारात लिहून घ्यावा. खुली पार्किंगची जागा ही सामाईक असते आणि विकसकाला ती विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे.

करार आणि ताबा

रेरानुसार नोंदणीकृत करार करण्याआधी विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ‘आज इतके भरा, करार पुढच्या महिन्यात करू’ हे म्हणणे कितीही सौजन्याने आले तरी मान्य करू नये. कराराचा मसुदा घरी आणून सावकाश वाचावा. मराठी-इंग्रजी ज्या भाषेत असेल त्यात प्रत्येक पान वाचावे. ताब्याची तारीख, चटई क्षेत्र, देयकाचे टप्पे आणि अभिहस्तांतरणाची मुदत या चार जागी खूण करून ठेवावी. ताब्याला उशीर झाल्यास पैसे व्याजासह परत घेण्याचा किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज घेण्याचा पर्याय ग्राहकाला आहे. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाच्या आधारभूत) दराहून दोन टक्के अधिक धरतात. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का उद्गम कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ती चुकली तर दंड आपल्यालाच बसतो.

भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणून किल्ल्या देण्याची पद्धत रूढ झाली आहे. किल्ल्या घेताना सही केलेल्या पत्रात ताबा मिळाल्याचे आणि कोणतीही तक्रार नसल्याचे लिहिलेले असते, आणि पुढे विलंबाच्या दाव्यात तेच पत्र आपल्याविरुद्ध दाखवले जाते. प्रमाणपत्राची प्रत हाती आल्याखेरीज ताबापत्रावर सही करू नये. ताबा घेताना बादलीभर पाणी न्हाणीघरात आणि सज्जात ओतून उतार पाहावा, प्रत्येक खिडकी सरकवून पाहावी, विजेचे सर्व बिंदू एखादा मोबाइल चार्जर लावून तपासावेत, आणि उणिवांची यादी तारखेसह लेखी देऊन पोच घ्यावी. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन विकसकावर आहे, म्हणून ही यादी आणि पुढची सर्व पत्रे एका फायलीत ठेवावीत.

राहायला गेल्यावर वीजजोडणीवर आणि मिळकतकराच्या बिलावर आपले नाव लावून घ्यावे. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घरासाठी करात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज आणि रहिवासाचे पुरावे द्यावे लागतात. बहिणीने हा अर्ज सामान लावण्याच्या गडबडीत मागे ठेवला आणि पहिले बिल पूर्ण दराने आले. ते दुरुस्त करून घेण्यासाठी तिला कर संकलन विभागात तीन वेळा जावे लागले.